दुपारची हजेरी

ब्रदर इनास,

तुमच्या दफनाला मी आलो होतो. सगळ्यात मागं, कुंपणापाशी उभा होतो. माती द्यायची रांग लागली तेव्हा मीही रांगेतून पुढं सरकत आलो आणि ऐन पाळीला बाजूला झालो. मागच्या बाईंना वाटलं, मी त्यांना वाट देतोय. त्या हळूच 'थँक्यू' म्हणाल्या.

तुमच्या संस्थेच्या प्रमुखांनी तुमचं आयुष्य कागदावरून वाचून दाखवलं. जन्म वसईकडचा, व्रतं कधी घेतली, नेमणुका कुठंकुठं झाल्या. आमच्या शाळेच्या वाट्याला एक ओळ आली. आंबेगाव तालुक्याच्या डोंगराळ भागात काही वर्षं अध्यापन. ती नऊ वर्षं होती, आणि त्यानंतर तुम्हाला पुन्हा कुठं वर्ग मिळाला नाही, हे त्या कागदात नव्हतं. निघताना त्यांनी मला गाठलं. "सर, ब्रदरांवर छोटी पुस्तिका काढतोय. दोन पानं द्या. चांगल्या आठवणी असतील ना तुमच्याकडं?" मी हो म्हणालो. तीच ही पानं. दोनाची जास्त होतील. छापायची की नाही ते त्यांनी ठरवावं, मी लिहितोय ते तुम्हाला.

चांगल्या आठवणी आधी सांगतो, कारण त्याही खऱ्या आहेत.

मी लोणीचा, तालुक्याच्या पूर्वेकडच्या सपाट मुलखातला. नोकरी लागली ती पार दुसऱ्या टोकाला, डिंभे धरणाच्याही वर, आहुप्याच्या वाटेवर. पहिल्या दिवशी एसटीतून उतरलो तर पांढऱ्या झग्यातला एक माणूस झगा कमरेला खोचून शाळेच्या कौलांवर बसलेला. "लोणीचे नवीन सर ना तुम्ही? लोणीकर, जरा शिडी धरा." त्या दिवसापासून मी लोणीकर झालो. माझं खरं आडनाव तुम्ही सगळ्या वर्षांत एकदाच घेतलंत. ते कधी, ते पुढं येईलच.

सुरुवातीला मी तुम्हाला फादर म्हणायचो. तुम्ही समजावलंत, फादर वेगळे. ते चर्चमध्ये मिस्साची उपासना करतात, लोकांच्या पापाची कबुली ऐकतात. ब्रदर लग्न करत नाही, स्वतःचं काही ठेवत नाही, वरून सांगतील तिथं जातो आणि सांगतील ते काम करतो. "मला शिकवायला सांगितलंय. माझ्यासारखा नशीबवान कोण?" असं म्हणून तुम्ही खरंच हात चोळले होतेत, जेवायला बसल्यासारखे.

वसईहून तुम्ही सुके बोंबील आणायचात. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला की मी खिडकीकडं पळायचो. "लोणीकर, माळ गळ्यात आहे. नाकाला काय झालंय?" वाडीवरच्या बायका तुम्हाला बरदर म्हणायच्या आणि दर वर्षी नव्यानं विचारायच्या, "बरदर, लगीन का न्हाई केलं?" तुम्ही म्हणायचात, "केलं असतं तर तिनं मला इथं राहू दिलं असतं का, मावशी?" त्या एकमेकींकडं बघून म्हणायच्या, "ते बी खरं हाय. आमच्यातलीच मानसं हितं ऱ्हाईनात."

आहुप्याच्या देवराईत सहावीच्या पोरांना घेऊन गेलो होतो तेव्हा तुम्ही कडेलाच चप्पल काढलीत. मी विचारलं, तुमच्यात हे चालतं का? तुम्ही म्हणालात, "आमच्या चर्चमध्ये आम्ही बूट घालून जातो. इथं काढावीशी वाटली, काढली." आणि मग दिवसभर काटा काढत बसलात.

आता हजेरीचं.

शाळेत हजेरी दोनदा घ्यायची असते, हे वाचणाऱ्यांना कदाचित माहीत नसेल. सकाळी नावासमोर एक तिरपी रेघ, मधल्या सुट्टीनंतर तिला छेदणारी दुसरी. फुली झाली की पोर दिवसभर हजर. प्रत्यक्षात आम्ही सगळे सकाळीच दोन्ही रेघा ओढून मोकळे व्हायचो. सकाळी आलेलं पोर दुपारी जाणार कुठं? एकटे तुम्ही दुपारी पुन्हा हजेरीपत्रक उघडायचात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नावं घ्यायचात. पलीकडच्या वर्गात मी व्याकरण शिकवत असायचो आणि भिंतीपलीकडून तुमचं ते संथ नावं घेणं चालायचं. एखादं नाव तुम्ही दोनदा घेतलंत की कळायचं, कुणीतरी गेलंय. मग शाळा सुटल्यावर तुम्ही त्या पोराच्या घरी. आम्ही हसायचो. गेनूमामा, आपला शिपाई, म्हणायचा, "बरदर म्हंजी मेंढक्या हाय. सांच्याला मेंढरं मोजल्याबिगर भाकर गोड लागत न्हाई."

मी एकदा वाद घातला होता तुमच्याशी. म्हणालो, कशाला वीस मिनिटं घालवता, अभ्यासक्रम राहतो. तुम्ही म्हणालात, "सकाळची हजेरी सरकारसाठी असते, लोणीकर. दुपारची पोरांसाठी." मला ते जरा पाठ केलेलं वाटलं. मी तसं बोललोही. तुम्ही हसलात. वाद तिथंच राहिला.

मार्चचा पहिला आठवडा होता. सकाळची शाळा सुरू व्हायला अजून पाच-सहा दिवस होते. डोंगरात हिरडा धरला होता. कोवळा बाळहिरडा पाडून कातळावर वाळत घालायचा, त्यावर त्या वाड्यांचं वर्ष निघतं. त्या दिवसांत पोरं शाळेतून निसटतात, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. म्हणूनच तर त्या दिवसांत तुम्ही दुपारची नावं जास्तच मोठ्यानं घ्यायचात.

त्या दिवशी वसतिगृहातली दोन पोरं सकाळपासून उलट्या करत होती. अकराच्या सुमाराला जीप मिळाली आणि तुम्ही त्यांना घेऊन घोडेगावला निघालात. जाता जाता माझ्या वर्गात डोकावलात. "लोणीकर, माझी सहावी बघा. आणि दुपारी नावं घ्या." मी मान हलवली. तुम्ही गेल्यावर तुमचं हजेरीपत्रक उघडलं. आजाऱ्यांच्या धावपळीत सकाळची हजेरीही राहिली होती. सगळ्या नावांसमोर दोन्ही रेघा ओढल्या. एकोणतीस फुल्या. जेवणानंतर तुमची सहावी आणि माझी सातवी एका वर्गात बसवली, शुद्धलेखन दिलं आणि घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो. नावं घेतली नाहीत. मोजलंही नाही. साडेचारच्या एसटीनं घोडेगावला माझ्या खोलीवर गेलो. पाचची घंटा गेनूमामानं दिली.

तुमच्या सहावीतली कमळ मधल्या सुट्टीतच गेली होती. शाळेच्या मागं, टेकाडापलीकडच्या घळीत हिरड्याची तीन मोठी झाडं होती. तिथं वाडीवरचं कुणी जायचं नाही, कारण उतार वाईट होता. म्हणूनच तिथं हिरडा भरपूर असणार, असं तिला वाटलं असेल. अकरा वर्षांची पोर.

संध्याकाळी तिची आई, चांगुणाबाई, शाळेत आली. पोर घरी आली नाही म्हणाली. तुम्ही तेवढ्यात घोडेगावहून परतला होतात. हे सगळं मला गेनूमामानं नंतर सांगितलं. तुम्ही आधी टेकाडाकडं बघितलंत म्हणे. दोन पावलं तिकडं टाकलीतही. मग थांबलात, ऑफिसात गेलात, हजेरीपत्रक उघडलंत. कमळच्या नावापुढं फुली होती. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "दुपारी वर्गात होती. म्हणजे पाचनंतर गेलीय. रस्त्याकडं बघा, तिच्या मामाच्या गावाकडं बघा." सगळी वाडी रस्त्याकडं गेली. तुम्हीही गेलात. टेकाडाकडं कुणी गेलं नाही.

सकाळी शेळ्या घेऊन गेलेल्या एका म्हाताऱ्याला ती घळीत पडलेली दिसली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कमरेचं हाड मोडलं होतं, रक्त आत गेलं. किती वेळ जिवंत होती, असं तुम्हीच विचारलंत. ते म्हणाले, दिवस मावळेपर्यंत तरी असावी.

दुपारी दोनला मी नावं घेतली असती तर एकोणतीसमध्ये एक आवाज आला नसता. एवढंच. नंतरची कितीतरी वर्षं मी हा हिशेब वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून पाहिला, कुठंतरी तो चुकतो का बघायला. चुकत नाही.

चौकशीला तालुक्याहून साहेब आले तो दिवस. ऑफिसात आपण तिघंच. हजेरीपत्रक टेबलावर उघडं.

"हा वर्ग कुणाचा?"

"माझा," तुम्ही म्हणालात.

"दुपारची हजेरी कुणी घेतली?"

"वर्ग माझा आहे, साहेब. पत्रक माझ्या ताब्यातलं. मी लेखी न कळवता वर्ग सोडून गेलो. शोध चुकीच्या बाजूला मीच पाठवला."

"अहो, ते झालं. ही फुली कुणाची?"

"जबाबदारी माझी, असं लिहून घ्या."

साहेबांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. "सर, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "नाही साहेब."

माझी नोकरी पक्की करणाऱ्या मान्यतेचा प्रस्ताव तेव्हा शिक्षण विभागात पडून होता. घरी बायकोला सातवा महिना होता. ही कारणं मी त्या क्षणी मनात आणलीसुद्धा नव्हती, ती नंतर जमवली. त्या क्षणी फक्त घशातून ते दोन शब्द आले, आणि आल्यावर इतकं हलकं वाटलं की त्याचीच मला अजून भीती वाटते.

बाहेर व्हरांड्यात मी तुम्हाला म्हणालो, "ब्रदर, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात." तेव्हा तुम्ही माझं आडनाव घेतलंत. म्हणालात, "मी खोटं बोललो नाही. विचारलं त्याचं उत्तर दिलं नाही. खोटं तुम्ही बोललात." आणि निघून गेलात. तुमच्यावर पुस्तिका काढणाऱ्यांनी हे जरूर छापावं. तुम्ही संत नव्हता. आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, समोर आलो तर वाट बदललीत.

नवव्या दिवशी तुमच्या बदलीचं पत्र आलं. तुमच्या व्रतात वरच्यांची आज्ञा येते, तिला उत्तर नसतं. एक ट्रंक. घोडेगावच्या स्टँडवर मी ती उचलायला गेलो तर तुम्ही धरू दिली नाहीत. मी म्हणालो, "का केलंत असं?" मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, तुमचा संसार आहे, माझं कोण आहे. तसं म्हणाला असता तर मी पाय धरले असते आणि सुटलो असतो. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला वाचवायला नाही केलं. मला टेकाडाकडं जायचं होतं. पाय तिकडं वळला होता. मी पत्रक उघडलं आणि पाय मागं घेतला. तुमच्या फुलीवर विश्वास ठेवला ती चूक माझी, साहेबानं लिहिली ती बरोबर लिहिली. तुमची जी आहे ती अजून कुणी लिहिलेली नाही."

मी म्हणालो, "मग तुम्हालाच सांगतो. तुमच्यात ऐकतात ना?"

"मी फादर नाही, लोणीकर. आणि सांगायचं आहे ते मला नाहीच. चांगुणाबाईला."

गाडी लागली. तुम्ही खिडकीत बसलात आणि माझ्याकडं न बघता कंडक्टरला सुट्टे विचारायला लागलात.

त्यानंतर दर नाताळात तुमचं कार्ड यायचं. आधी संस्थेच्या भांडाराचं काम, मग बागेचं, मग गेटवर पाहुण्यांची नोंद. त्याबद्दल एक अक्षर तक्रारीचं नाही. शेवटची ओळ मात्र कधी बदलली नाही. 'वाडीवर जाऊन आलात का?' मी उत्तर लिहायचो. मुलगी झाली, चालायला लागली, मी जुन्नरच्या शाळेत आलो, शिवनेरीच्या पायथ्याशी घर घेतलं. सगळं लिहायचो. त्या ओळीचं उत्तर तेवढं लिहिलं नाही. जुन्नरला आल्यापासून मी वर्गशिक्षकही झालो नाही. परीक्षा विभाग घेतला, वाचनालय घेतलं, सहलीची कटकट घेतली. हजेरीपत्रक हातात येणार नाही, एवढं पाहिलं. सगळे म्हणायचे, सर फार कामसू आहेत.

जूनमध्ये तुम्हाला भेटायला आलो तेव्हा तुम्ही पलंगावर होतात. हात काटकुळे झाले होते. विचारलंत, "बोंबील आणलेत?" मी कसंनुसं हसलो. मग म्हणालात, "जाऊन आलात?" मी नाही म्हणालो. म्हणालो, "अकरा वर्षं झाली, ब्रदर. आता तिला सांगून तिच्या जखमेवरची खपली काढायची का? आणि सांगायचंच होतं तर तुम्ही एका वाक्यात सांगू शकला असता."

"मी सांगितलं तर ती चहाडी," तुम्ही म्हणालात. "तुम्ही सांगितलं तर..." मग खोकला आला. आतून कुणीतरी औषध घेऊन आलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मी थांबलो नाही. स्टँडवर आलो. ते वाक्य मी नंतर किती तऱ्हांनी पुरं करून पाहिलं. तुम्ही काय म्हणणार होता ते आता कळायचं नाही.

दफन झालं त्याच्या चौथ्या दिवशी मी वाडीवर गेलो. भात लावून झालं होतं, बायका घरी होत्या. चांगुणाबाईनं ओळखलं नाही. मी शाळेचं नाव सांगितलं तेव्हा ओट्यावर घोंगडी टाकली.

मी म्हणालो, "ब्रदर गेले."

तिनं घोंगडीचा कोपरा सारखा केला. मग म्हणाली, "तरीच. औंदा मार्चात आला न्हाई."

तेव्हा मला कळलं, ब्रदर. तुम्ही दर वर्षी यायचात. माझ्या कार्डावर वाडीवर जाऊन आलात का, असं लिहायचात आणि स्वतः वरच्यांकडून एका दिवसाची परवानगी काढून, तीन एसट्या बदलून इथं येऊन बसायचात. एकदाही लिहिलं नाहीत.

"पयल्या साली म्या त्याला दारातून हाकलला," ती सांगत होती. "लई शिव्या दिल्या. दुसऱ्या साली बी. त्यो त्या तिथं धोंड्यावर बसायचा, गाडीची येळ झाली की उठायचा. पानी बी मागायचा न्हाई. पाच वर्सं म्या पानी दिलं न्हाई बघा. मग एकदा कोरा च्या दिला. म्हनलं, बरदर, का वं सोडली माझ्या पोरीला? तर म्हनला, बाई, वर्ग माझा व्हता. दुसरं काय बोलला न्हाई."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. दोन रेघा, पेपर तपासणं, साडेचारची गाडी, नाही साहेब. माझा आवाज कापला नाही. वर्गात धडा सांगावा तसा सांगितला, याचीच मला लाज वाटत होती.

ती हाताचं बोट ओट्याच्या सारवणावर फिरवत ऐकत होती. संपल्यावर वर न बघता म्हणाली, "मग म्या अकरा वर्सं राग कुनावर धरला, गुरुजी?"

मी त्या धोंड्याकडं बघितलं.

"पानी दिलं न्हाई म्या त्याला," ती म्हणाली. "उन्हाचा येऊन बसायचा."

निघताना मी म्हणालो, "मार्चमध्ये मी येत जाईन." तिनं मान हलवली. "नका येऊ. त्याच्यावर माझा राग व्हता. राग व्हता म्हनून त्यो आलेला कळायचा. तुमच्यावर राग धरायला आता माझ्यात जीव न्हाई." आणि घोंगडी उचलून झटकली.

तुम्हाला वाटलं असेल, सांगितल्यावर माझं ओझं उतरेल. की तसं वाटलं नव्हतं तुम्हाला? मला वाटतं, ते तुम्ही माझ्यासाठी मागत नव्हताच. तिला कळायला हवं होतं, एवढंच. आणि मी ते इतकं लांबवलं की कळलं तेव्हा ज्याला एक तांब्या पाणी द्यायचं, तोच राहिला नाही. कमळचं मरण माझ्या एका दुपारचं. हे अकरा वर्षांचं.

मी परत येऊन मुख्याध्यापकांना म्हणालो, मला वर्ग द्या. ते म्हणाले, "ऑगस्टमध्ये? तुम्हाला झालंय काय, सर?" पण बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंची पाचवी रिकामी होती, ती दिली.

काल मधल्या सुट्टीनंतर हजेरीपत्रक उघडलं. पहिल्यापासून नावं घेतली. पोरं एकमेकांकडं बघून हसत होती, दुपारी कोण नावं घेतं? सतराव्या नावाला आवाज आला नाही. मी पुन्हा घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, ती पाणी प्यायला गेलीय."

मी पेन ठेवलं. ती येईपर्यंत दारात उभा राहिलो.